तीन पांढरी अस्त्रं

चौकट एक

"हात वर. आणखी वर. अहो पुंजाजी, मुठी आवळा! आभाळात झेप घ्यायची आहे तुम्हाला, एसटीचा दांडा नाही धरायचा."

वामनरावांनी टाचण्या ओठांत धरल्या होत्या, त्यामुळे शब्द त्यांच्या फटींतून येत होते. त्यांनी जांभळ्या सॅटिनचं कापड पुंजाजीच्या खाकी सदऱ्याला खांद्यावर टाचलं, दोन पावलं मागे गेले आणि मान तिरपी करून पाहत राहिले. पुंजाजी लाइनमन आपल्या सरकारी क्वार्टरच्या ओसरीत दोन्ही मुठी वर करून उभा होता. वय बेचाळीस. पोट थोडं सुटलेलं.

"झूल वाटून राह्यली," चहा घेऊन आलेली त्याची बायको कोकिळा म्हणाली. "शिंगं तेवढे रंगवा, का झाला पोळा."

"वहिनी, खामगावात चार शिंप्यांना दाखवून शिवलंय हे."

"मंग चारी जनाईनं बैलाचंच माप घेतलं."

वामनराव हसले. त्यांना आज कशाचाच राग येणार नव्हता. खामगावात त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शेतकी कॅलेंडरं छापण्यात वीस वर्षं गेली होती. आता त्यांनी नवं काम काढलं होतं. चित्रांच्या पुस्तकांची मालिका, महिन्याला एक अंक, सोळा पानं, लाल आणि निळा असे दोन रंग. नायकाचं नाव बिजलीबहाद्दर. तो विजेच्या तारांवरून धावतो, वादळ मुठीत धरतो, त्याला करंट लागत नाही. पहिला अंक आज संग्रामपूरच्या बाजारात निघायचा होता. खामगाव सोडून इथंच का, तर अंकाची चित्रं काढणाऱ्या जानराव पेंटरनं बिजलीबहाद्दर याच भागातल्या एका लाइनमनला प्रत्यक्ष पाहून काढला होता. कोणत्या लाइनमनला, ते जानरावला माहीत नव्हतं. वामनरावांनी वीजखात्याच्या इथल्या ऑफिसात चौकशी केली. ऑफिसात लाइनमन एकच होता.

"खरा बिजलीबहाद्दर आज तुमच्या बाजारात!" अशी पत्रकं दोन दिवस आसपासच्या खेड्यांत वाटली गेली होती.

पुंजाजीनं खांबावर चढून झूल फडकवावी, अशी वामनरावांची फार इच्छा होती. पुंजाजी म्हणाला, नियमात बसत नाही. खरं म्हणजे अडीच वर्षांत तो एकाही खांबावर चढला नव्हता. हेल्परला चढवायचा आणि स्वतः खाली दोर धरून उभा राहायचा. दोर धरताना तळहातांना घाम सुटायचा; तो वरून दिसत नसे.

चौकट दोन

वामनरावांनी गठ्ठ्याची सुतळी कापली आणि पहिला अंक दोन्ही हातांवर ठेवून पुढं केला, प्रसाद द्यावा तसा. कोऱ्या कागदाला शाईचा आणि रॉकेलचा वास येत होता.

मुखपृष्ठावर विजेचा खांब. खांबाच्या टोकाला एक माणूस, कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून मागे रेललेला. एक पाय खांबाला वेढलेला, दुसरा हवेत. पाठीवर लाल झूल, छातीवर निळी वीज. मान खाली वळवून तो कुणाकडे तरी पाहून हसतोय. हसताना वरचा एक दात अर्धा तुटलेला दिसतोय. कमरेला दोरीनं तीन पांढऱ्या वस्तू लटकताहेत.

पुंजाजीनं मुठी खाली घेतल्या.

"कसा आलाय?" वामनराव म्हणाले. "आणि हे तीन पाहा. मी जानरावला विचारलं, हे काय काढलंस रे? तो म्हणतो, त्या माणसाच्या कमरेला होतं म्हणून काढलं. मला इतकं आवडलं! मी कथेतच घेतलं. तीन पांढरी अस्त्रं. राक्षस समोर आला की बिजलीबहाद्दर कमरेला हात घालतो. मागच्या पानावर कोडंही छापलंय, ही अस्त्रं कशाची, ओळखा. आज तुम्ही गाडीवर उभे राहून उत्तर सांगायचं."

"मी काय सांगू?"

"काहीही सांगा. वज्राची म्हणा, चंद्राच्या दगडाची म्हणा. मला स्वतःला तरी कुठं माहीत आहे!"

कोकिळा कपबशी हातात धरून चित्राकडे पाहत होती. "हे तुमी नाई," ती म्हणाली.

"चित्रात थोडं इकडचं तिकडं होतंच, वहिनी," वामनराव म्हणाले आणि जीप आली का पाहायला बाहेर गेले.

पुंजाजीला उत्तर माहीत होतं. कुठल्याही लाइनमनला माहीत असतं. ट्रान्सफॉर्मरखालच्या डब्यात चिनीमातीच्या तीन पांढऱ्या ग्रिपा असतात, तीन तारांच्या तीन. मुठीत मावतील एवढ्या. त्यांत फ्यूजची तार असते. ज्याला खांबावर चढायचं आहे त्यानं आधी त्या तिन्ही ग्रिपा उपसून काढायच्या आणि दुसऱ्याकडे न देता, कुठं न ठेवता, स्वतःच्या कमरेला बांधून वर जायचं. त्या कमरेला आहेत तोवर खालून कुणी लाइन चालू करू शकत नाही. काम संपलं की त्यानंच चालत येऊन त्या परत लावायच्या. नव्या माणसाला पक्कड धरायला शिकवण्याआधी हे शिकवतात.

चौकट तीन (खात्याच्या कागदावर)

दिनांक ११ मे रोजी मौजे सोनाळा येथे शाळेजवळील खांबावर दुरुस्ती करताना लाइनमन मयत झाले. पाहणीत डब्यातील तिन्ही फ्यूज जागेवर आढळून आले. यावरून सदर इसम वीजप्रवाह बंद न करताच खांबावर चढल्याचे दिसते. अपघात मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला. सबब वारसास काहीही देय नाही.

चौकट तीन (अंकाच्या सहाव्या पानावर)

वरची पट्टी: आणि त्याच क्षणी काळोखासुरानं खटका ओढला!

चित्र: खांबावरच्या बिजलीबहाद्दरच्या अंगातून आरपार निळ्या रेघा. झूल फुगलेली. खाली गावकरी डोळे झाकून उभे.

फुगा: हा हा हा! एवढाच का रे तुझा जोर?

चौकट तीन (झाली तशी)

त्या दिवशी सोनाळ्यात दोन लग्नं होती आणि सकाळपासून लाइट नव्हती. ट्रान्सफॉर्मर गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला. बिघाड शाळेजवळच्या खांबावर. पुंजाजीच्या जोडीचा लाइनमन रंगराव, त्यानं ग्रिपा काढल्या, कमरेला बांधल्या आणि तो शाळेकडे गेला. पुंजाजी डब्यापाशी थांबला.

अकरा वाजून गेले. मंडपातली माणसं येऊन उभी राहिली. गिरणीवाला आला. "पुंजाजी, पंधरा बाया पाट्या घेऊन बसल्या, लग्नाचं दळन हाये. अजून कितीक टाइम?"

"तो आला का चालू करतो."

"अन् तो कधी येईन?"

पुंजाजीनं हात कपाळाशी धरून पाहिलं. दूरवर, उन्हाच्या झळांत, शाळेजवळच्या खांबावरून रंगराव उतरत होता. उतरला. जमिनीवर टेकला. काम झालं होतं. आता तो चालत इथवर येणार, दहा मिनिटं. मग ग्रिपा लावायच्या.

"उतरला तं हाये तो," गिरणीवाला म्हणाला. "मंग आता कायची वाट पाह्यता?"

पुंजाजीच्या पिशवीत तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं. त्यानं तीन तुकडे तोडले आणि ग्रिपांच्या रिकाम्या जागी थेट खोचले. गावात गिरणी ठकठक करू लागली. लाऊडस्पीकर खरखरला आणि वाजू लागला. गिरणीवाल्यानं पुंजाजीच्या पाठीवर थाप मारली.

रंगरावची पक्कड खाली पडली होती. ती उचलायला तो उतरला होता. उचलून परत चढला.

शाळेकडे माणसं धावताना दिसली तेव्हा पुंजाजीनं तारा ओढून काढल्या आणि तो पळत सुटला. रंगराव पट्ट्यावर लटकत होता. पुंजाजी चढला. वर पोचल्यावर त्यानं पहिलं काय केलं, तर रंगरावच्या कमरेची गाठ सोडून तिन्ही ग्रिपा आपल्या खिशात घातल्या. श्वास चालू आहे का, ते नंतर पाहिलं. आपण हे या क्रमानं केलं, हे त्याला त्या वेळी कळलं नाही. बऱ्याच दिवसांनी जेवताना कळलं. साहेबांची जीप येण्याआधी ग्रिपा डब्यात परत लागल्या होत्या.

तो शेवटचा खांब.

चौकट चार

"रंगरावभाऊ हायेत ना हे?" कोकिळानं आवाज खाली आणून विचारलं.

पुंजाजीचा अंगठा चित्रातल्या दातावर गेला.

"दात तोच हाये. माह्या हातची भाकर खाता खाता खडा लागून तुटला होता. मी कशी विसरीन?"

"हाव."

"अन् हे पांढरे?"

त्यानं खांदा झटकला. अंगावर झूल होती आणि एक टाचणी टोचत होती.

"दोन अडीच वर्सं झाले, तुमी झोपेत बडबडता. उतरला होता, उतरला होता. मी कधी इचारलं का तुमाले?"

"नाई."

"मंग तुमी बी मले इचारू नका." तिनं कपबशी खाली ठेवली. "हे क्वार्टर खात्याचं हाये. दोन पोरी लग्नाच्या हायेत. मी कर बी म्हननार नाई, अन् नको बी म्हननार नाई. चा पेऊन घ्या. थंडा होऊन राह्यला."

चौकट पाच

बाजार भरात होता. कापसाची वेचणी झालेली, लोकांच्या हातात चार पैसे होते. वामनरावांनी एका बैलगाडीचे बैल सोडवून तिच्यावर सतरंजी अंथरली होती. जीपच्या बॅटरीवर लाऊडस्पीकर. गाडीच्या जुवावर जानराव पेंटर बसला होता, किडकिडीत, बोटांना निळा रंग. हा माणूस सतत वहीत काहीतरी काढत असे आणि कोपऱ्यात ठिकाण, तारीख, वेळ टाकत असे, जणू कुणी पुढं हिशेब मागणार आहे.

पुंजाजीला हात देऊन गाडीवर चढवलं. लोक हसले, शिट्ट्या झाल्या. त्यानं समोर पाहिलं आणि उजवीकडे, भाजीवाल्यांच्या ओळीत, त्याला सुभद्राबाई दिसली. रंगरावची बायको. रंगराव गेल्यावर क्वार्टर सुटलं. ती दुसऱ्यांच्या बागाइतात कामाला जायची आणि बाजाराच्या दिवशी मालकाची भाजी घेऊन बसायची. अडीच वर्षं पुंजाजीनं भाजी त्या ओळीतून घेतली नव्हती.

वामनरावांचा माणूस अंक दाखवत ओळीतून फिरत होता. त्यानं एक अंक सुभद्राबाईच्या वांग्यांवर ठेवला आणि तो पुढं गेला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अंक बाजूला सारायला उचलला.

मग खाली ठेवला नाही.

चौकट सहा (नुसते फुगे)

वामनराव, लाऊडस्पीकरवरून: "तर मंडळी, सांगा! बिजलीबहाद्दरच्या कमरेला ही तीन पांढरी अस्त्रं कशाची?"

"मुळे हायेत ते! तीन मुळे!"

"बिजलीवाल्याले मुळे कायले लागतीन बे?"

"भूक नाई लागत का त्याले?"

"दौती असतीन. तलाठी असंन तो."

"नाई नाई, देवाचे शंख हायेत."

"शंख तं तू हायेस."

"वामनराव, तुमीच सांगून टाका, उन्ह लागून राह्यलं."

वामनराव: "मी कशाला? खुद्द बिजलीबहाद्दर सांगतील! बोला, पुंजाजी. जोरात बोला."

"पोट पाह्य त्याचं! उडते कसा मंग?"

"गप बे, बोलू दे."

चौकट सात

माइक हातात घेतल्यावर पुंजाजीला आपलाच श्वास पूर्ण बाजारात ऐकू आला.

"हे अस्त्रं नाईत," तो म्हणाला. "ह्या फ्यूजच्या ग्रिपा हायेत."

गर्दीत कुणीतरी हसलं.

"ज्याले खांबावर चढाचं असते, तो ह्या तिन्ही काढते अन् सोताच्या कमरेले बांधते. मंग लाइन बंद. मानूस वरतं असला तरी त्याले काई होत नाई." तो थांबला. सुभद्राबाई उभी राहिली होती. "अन् हा चित्रातला मानूस मी नाई. हा रंगराव हाये. इथंच होता, खात्यात. सोनाळ्याले खांबावर गेला. कागदावर लिवलं का तो चालू लाइनीवर चढला, त्याची चूक. ते खोटं हाये. पाहा नं, कमरेले ग्रिपा हायेत त्याच्या. त्यानं लाइन बंद केली होती. चालू म्या केली. म्या तारा खोचल्या. मले वाटलं तो उतरला. त्याच्यासाठी वाट नाई पाह्यली म्या. मंग वरतं जाऊन त्याच्या कमरेच्या ग्रिपा म्याच सोडल्या, अन् साहेब येयाच्या अगुदर डब्यात लावल्या."

लाऊडस्पीकर किंचित शीळ घालत होता. पुंजाजीला अजून काहीतरी बोलायचं होतं, पण ते काय, हे आठवेना. त्यानं हात खाली घेतला.

चौकट आठ

(रिकामी.)

चौकट नऊ

आणि टाळ्या पडल्या.

आधी मागून, मग सगळीकडून. "वा रे पठ्ठ्या! काय डायलाक मारला!" आसपासच्या खेड्यांतून आलेल्या लोकांना रंगराव कोण, हे माहीत असायचं कारण नव्हतं. गाडीवर, झुलीत, लाऊडस्पीकरवर सांगितलेली गोष्ट त्यांनी गोष्टीसारखी ऐकली होती आणि ती त्यांना फार आवडली होती. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला होता. रंगरावला ओळखणारे गर्दीत चारपाच जण होते; त्यांचे हात अर्धवट उचललेले तसेच राहिले.

वामनरावांनी माइक त्याच्या हातून घेतला. त्यांचा चेहरा आनंदानं लाल झाला होता. "हे होतं, मंडळी, बिजलीबहाद्दरच्या जन्माचं रहस्य! पहिला अंक, आजच्या दिवस साठ पैसे!" लोक गाडीभोवती दाटले. वामनराव वाकून पुंजाजीच्या कानाशी म्हणाले, "अहो, कुठून सुचलं तुम्हाला हे? दुसऱ्या अंकात हेच घेऊ. मित्राची हत्या! सूड! काय माणूस आहात!"

"वामनराव, मी खरं सांगतलं."

"तेच तर! अगदी खरं वाटलं."

पुंजाजी गाडीवरून उतरला. उतरताना झूल चाकाच्या आऱ्यात अडकली आणि टर्रकन फाटली. त्यावरही लोक हसले. फक्त जानराव पेंटर हसला नाही. तो वहीची मागची पानं उलटीत होता, भराभरा.

आडवी चौकट, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत

"वयनी."

"थांबा. गिऱ्हाईक हाये."

सुभद्राबाई खाली बसली होती आणि तराजू तोलत होती. समोरची म्हातारी वांगी दाबून पाहत होती. "अवं, हा बिजलीवाला तुह्याजोळ काय घ्याले आला वं?"

"वांगे," सुभद्राबाई म्हणाली.

पुंजाजी पोत्याच्या कडेला उकिडवा बसला. येणारे जाणारे थांबत, त्याच्याकडे पाहत, हसत. कुणी पाठीवर थाप मारली. "मस्त बोलला गड्या." सुभद्राबाईनं मेथी विकली, वांगी विकली, उरलेल्या मिरच्यांचे वाटे लावले आणि तेही विकले. तासभर तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. अंक तिच्या मांडीखाली होता. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर तिनं तराजूची पारडी एकात एक ठेवली.

"ते तुमी वरतं बोलले, ते नाटकातलं होतं का खरं?"

"खरं."

"कितीक चालाचं होतं?"

त्याला कळलं नाही.

"डब्यापासून शाळेच्या खांबापोतर. कितीक चालाचं होतं त्याईले?"

"धा मिनिटं."

तिनं मान हलवली, भाव ऐकल्यासारखी. पोतं झटकलं, घडी घातली. घडी नीट बसली नाही म्हणून उलगडून परत घातली.

"लोकं मले म्हनत, तुह्या नवऱ्याले घाई झाली होती," ती म्हणाली. "म्या म्हनलं, असन. मले ठाऊक होतं, ते घाईचे नव्हते. चपला बी जोडीनं ठेवाचे. तरी म्या म्हनलं असन, कागदावर लिवलं हाये तं. अडीच वर्सं भांडे घासता घासता शिव्या देल्या म्या त्याईले, पुंजाजीभाऊ. मेलेल्या मानसाले. का तुमाले दोन लेकरं होते, थोडं पाहून चढता येत नव्हतं का?"

"वयनी, मी..."

"तुमी बोलू नका आता. तुमचं आयकून झालं." ती उठली. "चला."

"कोठी?"

"हापिसात. पाच वाजेपोतर उघडं असते."

गाडीजवळून जाताना जानराव आडवा आला. त्यानं वहीतलं एक पान फाडलं होतं. पेन्सिलीचं चित्र: खांब, माणूस, झूल नाही, बाकी सगळं तेच, कमरेच्या तीन ग्रिपासुद्धा. कोपऱ्यात बारीक अक्षरात: सोनाळा, ११ मे, सकाळी १०.३५.

"मी पावणेअकराच्या एसटीनं निघून गेलो हो," जानराव म्हणाला. "दुकानाची पाटी रंगवाले आलो होतो. त्यानं मले वरतून हाक मारली, म्हने माहं नाक नीट काढजो. मले मालूमच नाई पुढचं." पान कुणाला द्यावं, हे त्याला कळेना. सुभद्राबाईनं हात पुढं केला.

ऑफिसची वाट क्वार्टरवरून जात होती. कोकिळा दारात उभी होती. लाऊडस्पीकर तिथपर्यंत ऐकू येत होता. पुढं सुभद्राबाई, मागं फाटक्या झुलीतला पुंजाजी, हे पाहून ती पायरी उतरली. तिनं त्याला थांबवलं आणि खांद्यावरच्या टाचण्या एकेक करून काढल्या, पदरात खोवल्या. झूल गोळा करून काखेत धरली. एखादी टाचणी राहिली असली तर टोचेल म्हणून त्याच्या दोन्ही खांद्यांवरून, मानेमागून बोटं फिरवून पाहिली. मग बाजूला झाली.

कागद

"पुंजाजी, डोकं ठिकानावर हाये का तुहं?" कारकून माणिकराव म्हणाला. त्याचा आवाज खालचा होता आणि त्यात धाक होता, पण तो पुंजाजीला घालायचा नव्हता. त्याला स्वतःलाच वाटत होता. "नोकरी तं जाईनच. पोलीस बी येतीन. बाजारात बोलला ते बोलला, लोकं हसले अन् गेले. इथं शाईनं लिवलं का मंग पुसल्या जात नाई. साहेब उद्या येतीन. घरी जा, झोप, उद्या बोल."

पुंजाजी टेबलाच्या कडेकडे पाहत होता. तिथं लाकडाचा टवका उडाला होता. घरी जा, झोप. हे शब्द चांगले होते. त्याचा एक पाय दाराकडे वळला सुद्धा.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

या ऑफिसात येणाऱ्यांसाठी एकच खुर्ची होती. सुभद्राबाई याआधी दोनदा इथं आली होती, दोन्ही वेळा दाराशी उभी राहून तिनं ऐकलं होतं, सोबत आलेला दीर तिच्या वतीनं बोलला होता. आता ती खुर्चीत बसली. हातातलं पेन्सिलीचं चित्र टेबलावर ठेवलं, वारा लागू नये म्हणून त्यावर तिनं माणिकरावचीच दौत ठेवली.

"आज लिवा," ती म्हणाली.

माणिकरावनं पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजीनं पाय जागेवर आणला.

"लिवा," तो म्हणाला. "सोनाळ्याले त्या दिवशी दोन लग्नं होते. तिथून लिवा."

"तसं नसते लिवत." माणिकरावनं सुस्कारा टाकला आणि कोरा कागद ओढला. "आधी मयताचं नाव लिवा लागते. नाव काय लिवू? पुरं नाव?"

पुंजाजीनं तोंड उघडलं. सुभद्राबाईनं त्याच्याकडे न पाहता हात आडवा केला. तिच्या डोक्यावरचा पदर सरकला होता. तो तिनं सारखा केला. समोरच्या भिंतीकडे, कॅलेंडरच्या जरा वर, पाहिलं.

"रंगराव उकंडराव पाचपोर," ती म्हणाली. "लाइनमन."

नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून पुंजाजीनं कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नसावं. माणिकरावचा टाक कागदावर टेकून तसाच राहिला होता. त्याला ऐकू आलं नाही असं वाटून ती पुन्हा एकदा म्हणाली, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लिहिणाऱ्याला उतरवून घेता यावा असा.